मायबाप सरकार आणि निळा ठिपका

"मुलीचा मोबाइल तपासला, तर चुकलं का हो?"

मी समुपदेशक आहे; हा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून एकदा तरी येतोच. शब्द तेवढे बदलतात. कुणी 'तपासला' म्हणतं, कुणी 'सहज हाती लागला' म्हणतं. एका आईनं तर 'चार्जिंगला लावताना उघडाच होता' असं सांगितलं होतं. उत्तर सगळ्यांना एका शब्दात हवं असतं आणि तसं ते देता येत नाही. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. तिघांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

वडील वकील. सरकारनं नागरिकांचे फोन ऐकणं, चौकाचौकात चेहरे ओळखणारे कॅमेरे लावणं, असल्या विषयांवर पोटतिडकीनं बोलणारा माणूस. मुलगी पंधरा वर्षांची. आई कमी बोलणारी. पहिल्या भेटीत वडिलांनी फोन मांडीवर उताणा ठेवला होता आणि दर दोन-तीन मिनिटांनी त्यांची नजर खाली जायची. मला वाटलं, कोर्टाचं काही असेल. मग दिसलं, पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर एक निळा ठिपका. ठिपका म्हणजे मुलीचा फोन. मुलगी समोरच्या खुर्चीत बसली होती. तीन हातांवर.

घडलं होतं ते असं. आठ महिन्यांपूर्वी वडिलांनी तिच्या फोनमध्ये तिच्या नकळत एक अॅप टाकलं. ती कुठे आहे ते त्यातून दिसायचं, मेसेजही वाचता यायचे. बॅटरी भराभर उतरायला लागली म्हणून तिनं सेटिंग उघडलं आणि तिला ते सापडलं. तिनं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवसापासून क्लासनंतर फोन मैत्रिणीच्या दप्तरात ठेवून बाहेर पडायला लागली. वडील ऑफिसात बसून पाहायचे, ठिपका दोन-दोन तास अभ्यासिकेत. समाधानानं कामाला लागायचे. एके संध्याकाळी बाप काही कामानं त्या बाजूनं चालला होता, तर ठिपका अभ्यासिकेत आणि मुलगी समोरच्या फुटपाथवर!

"कुठे जात होतीस?" मी तिला एकटीला विचारलं.

"कुठेच नाही. चालत होते."

"कुणाबरोबर?"

"एकटी. कुणाला माहीत नाही मी कुठे आहे, एवढंच हवं होतं. एक तासभर."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. वडिलांनी ठेवला नाही, आणि त्यांना मी दोष देत नाही. आठ महिने जो माणूस चोरून मेसेज वाचतोय त्याला समोरच्याचं खरं बोलणंही खोटंच वाटतं. चोरून पाहणाऱ्याची ही एक वेगळीच शिक्षा असते.

तिघं एकत्र बसले तेव्हा तिनं ते वाक्य टाकलं. बहुतेक घरून तयार करून आणलं असावं. "बाबा, सरकारनं तुझा फोन वाचला तर तू कोर्टात जातोस. माझा फोन तू वाचलास, तर मी कुठे जायचं?"

वडील लालबुंद. "मी सरकार नाहीये. मी बाप आहे तुझा."

आणि इतका वेळ गप्प बसलेली आई खिडकीकडे बघत म्हणाली, "सरकारपण हेच म्हणतं ना. मायबाप सरकार."

माझी चूक इथे झाली, ती सांगून टाकते. मला हसू आलं. फार नाही, ओठ हलले एवढंच. पण वडिलांनी ते पाहिलं, आणि तिघींनी मिळून आपल्याला कोपऱ्यात घेतलं असं त्यांना वाटलं. पुढची भेट त्यांनी रद्द केली. मीच फोन करून माफी मागितली तेव्हा ते एकटे आले. आणि तेव्हा खरी गोष्ट कळली: त्यांच्या जवळच्या नात्यातल्या एका मुलाला अनोळखी माणसानं फोनवरून धमकावून पैसे उकळले होते. त्या पोरानं महिनोन्‌महिने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. "मॅडम, त्याच्या बापालाही वाटायचं, आमचं छान चाललंय."

तर भीती खरी होती. तिच्यावर काढलेला उपाय तेवढा फसला होता.

मुलीची तुलना कितपत बरोबर होती, यावर आम्ही बराच वेळ बोललो. पूर्ण बरोबर नव्हती. सरकार नागरिकाच्या तापाला रात्रभर उशाशी बसत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या फोनला आईबापानं कुलूप लावणं म्हणजे हुकूमशाही नव्हे. पण तुलना जिथे तोकडी पडते तिथे ती पालकांना जास्तच अडचणीची होते. नागरिक मत देऊन सरकार बदलू शकतो. मुलीला बाप बदलता येत नाही.

बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मंजूर केला. त्याच्या १६व्या कलमात मुलांच्या खासगीपणात, पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होऊ नये असं म्हटलं आहे. वकीलसाहेबांना ते पाठ होतं. त्याच करारातलं पाचवं कलम पालकांना मार्गदर्शनाचा अधिकार देतं, मात्र मुलाच्या वाढत्या समजेला धरून. २०२१ साली करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं डिजिटल जगाबद्दल भाष्य केलं, त्यातही हेच: पालकांनी लक्ष ठेवावं, पण ते प्रमाणात आणि मुलाच्या वाढत्या समजेनुसार असावं. म्हणजे लक्ष ठेवूच नका, असं कुणीही म्हणत नाही.

मी त्यांना विचारलं, "पोलिसांना एखाद्याचा फोन ऐकायचा असेल, तर तुम्ही कोर्टात काय काय मागता?"

त्यांनी सवयीनं बोटं मोजली. कायद्याचा आधार हवा. ठोस कारण हवं, नुसता संशय नको. जेवढ्यास तेवढंच ऐकावं. मुदत हवी. आणि त्या माणसाला कुठेतरी दाद मागता यायला हवी. पाचव्या बोटावर ते थांबले. मी काही बोलले नाही. या वेळी हसलेही नाही.

आता पालक मला जे विचारतात त्याकडे वळते. लक्ष ठेवलं तरच मूल सुरक्षित राहील, हा समज कुठून आला? पूर्वीच्या बऱ्याच संशोधनात असं दिसायचं की ज्या पालकांना मुलांबद्दल जास्त माहिती असते त्यांची मुलं कमी वाट चुकतात. त्यावरून 'पाळत ठेवा' हा सल्ला निघाला. २००० साली होकान स्टाटिन आणि मार्गारेट कर या दोन मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करताना साधा प्रश्न विचारला: पालकांना ही माहिती मिळते कशी? ती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेली निघाली. चौकशी करून, पाळत ठेवून मिळालेली त्यामानानं थोडीच. ज्या माहितीला आपण पाळतीचं फळ समजत होतो, ती बहुतांशी मुलांच्या बोलण्यातून आलेली होती.

मला हा अभ्यास फार आवडतो, कारण माझ्या खोलीत तो रोज दिसतो. त्या नात्यातल्या मुलाच्या घरी कमी काय होतं? नकाशा नव्हता म्हणून तो गप्प राहिला नाही. सांगितलं तर फोन काढून घेतील, या भीतीनं गप्प राहिला. वडिलांना हे आधीपासून माहीत होतं. मी फक्त पुन्हा एकदा सांगायला लावलं.

चोरून पाहणं कधीच योग्य नाही का? माझं मत विचाराल तर, मूल स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी खूण दिसली, किंवा कुणी मोठा माणूस त्याला फोनवरून धमकावतोय, गुपचूप भेटायला बोलावतोय असा दाट संशय आला, तर मी 'बघा' म्हणते. खासगीपण मागाहून सांभाळता येईल. पण बघितल्यावर मुलाला सांगा, त्याच दिवशी. धमकीचे मेसेज रागानं पुसू नका, पुढे तक्रारीला तेच लागतात. आणि मुलानं स्वतः येऊन सांगितलं, तर फोन जप्त करू नका. खरं बोलण्याची ती शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी तुमच्या वाट्याला मौन येतं.

बाकी 'सगळ्यांचीच मुलं बिघडलीत हल्ली' हे कारण नव्हे.

पुढच्या भेटीत तिघांनी कागद घेतला. वकिलानं लिहिलेला मसुदा पावणेदोन पानांचा होता. मुलीनं त्यातलं बहुतेक सगळं खोडलं. उरलं ते असं: मेसेज वाचणारं अॅप जाणार. नकाशा राहणार, पण अंधार पडल्यानंतरच, आणि वार्षिक परीक्षेपर्यंत. मग पुन्हा बसून ठरवायचं. नकाशा तिघांचा, म्हणजे तिलाही बाप कुठे आहे ते दिसणार. (हे ऐकून आईनं पहिल्यांदा मनापासून हसून घेतलं.) कुणी नकाशा उघडला तर त्यानं दुसऱ्याला लगेच कळवायचं. वाद झाला तर अपील आईकडे. बाप म्हणाला, "न्यायाधीश निःपक्ष नाही." आई म्हणाली, "तुमचे तरी कुठे असतात?" आणि विषय मिटला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे पंधरा दिवस मुलगी बापाशी कामापुरतंच बोलत होती. आठ महिने वाचलेले मेसेज एका कागदानं न वाचलेले होत नाहीत, आणि त्यात तिच्या मैत्रिणींचंही बरंच काही होतं. त्यांनी ते कुणाला दाखवायला म्हणून लिहिलं नव्हतं. त्याची माफी वडिलांनी वेगळी मागितली. ते त्यांना सगळ्यात जड गेलं.

शेवटच्या भेटीला वडील एकटेच आले होते. आदल्या आठवड्यात घडलेलं सांगत होते. क्लास उशिरा सुटला, तिनं आपणहून फोन केला आणि जिवलग मैत्रिणीशी झालेल्या भांडणाबद्दल बोलत राहिली. बराच वेळ. ते ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती आहे कुठे ते विचारायचं राहूनच गेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, उघडला नकाशा. खोटं कशाला बोलू? नियमाप्रमाणे तिला कळवलंही."

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: "तेरा मिनिटं दम धरलास, बाबा. गेल्या वेळी चार होती."