बँक म्हणते एफआयआर आणा, पोलीस म्हणतात बँकेचा कागद आणा: तुमच्या बाबांच्या प्रकरणाबद्दल

तुमची पोस्ट वाचली. बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वाहतूक चलनाची म्हणून फाइल आली, त्यांनी ती उघडली, तशी फोनमध्ये एक चोर अ‍ॅप शिरलं आणि संध्याकाळपर्यंत बचत खातं रिकामं झालं. आता शाखेला आधी एफआयआर हवा आहे, पोलिसांना आधी बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट हवं आहे, आणि बाबा कुणाशी बोलत नाहीत. माणसं बदलली की ही आमच्या मावशीचीच कहाणी. मावशी निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. तिच्या बाबतीत चलनाऐवजी वीज तोडण्याची धमकी होती, एवढाच फरक.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केलात, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकलीत, हे तुम्ही लिहिलंच आहे. ओटीपी कुणाला देऊ नका छापाचं ज्ञानही इथे पाजळत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे आणि तुमच्या प्रकरणात त्याचा उपयोगही नव्हता. का, ते पुढे येईलच.

आधी एक विचारते. तो फोन आत्ता कुठे आहे? चालू असेल तर आत्ताच्या आत्ता फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा. सिम काढून एखाद्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज तुम्हाला दिसतील आणि त्या अ‍ॅपला दिसणार नाहीत. सिम त्या फोनमध्ये गेलं की *#२१# डायल करून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते बघा. वळवलेले असतील तर ##००२# ने रद्द होतात. मूळ फोन एवढ्यात रीसेट करू नका. कुणीतरी हौशी भाचा येतो आणि 'सगळं साफ करून देतो' म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. ती फाइल, ज्या नंबरवरून आली तो नंबर, त्या चॅटची तारीख-वेळ, हे सगळं दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. पोलिसांना विचारल्याशिवाय पुसायचं नाही.

आता आमचं काय झालं ते सांगते, कारण तुम्ही अजून शाखेत लेखी काहीच दिलेलं नाही असं दिसतंय, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मावशीला रात्रीच मेसेज आले होते. 'तुम्हाला झोपेतून कशाला उठवायचं' म्हणून ती सकाळपर्यंत गप्प बसली. सकाळी मी तिला घेऊन शाखेत गेले. तोवर फक्त बचत खात्यातले पैसे गेले होते, मुदत ठेवी जागच्या जागी होत्या. काउंटरवरच्या गृहस्थांना मी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते: खातं गोठवा, नेट बँकिंग बंद करा, ठेवींना हात लावू देऊ नका. ते म्हणाले, तुम्ही कोण? खातेदारांनाच बोलू द्या. मावशी थरथरत होती, तिला धड वाक्य जुळवता येत नव्हतं. मग म्हणाले, एफआयआरशिवाय आम्हाला काही करता येत नाही. मग सिस्टीम स्लो होती. मग जेवणाची सुट्टी.

आम्ही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा ठेवी मोडल्या गेल्या. ऑनलाइन. ठेव मोडायला शाखेत जावं लागतं, सही लागते, या समजुतीत मावशी होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या वयाची बहुतेक माणसं असतात. नेट बँकिंगमधून ती काही क्लिकमध्ये मोडून बचत खात्यात येते आणि तिथून बाहेर जाते. मावशीने नेट बँकिंग कधी वापरलं नव्हतं. पण बऱ्याच बँकांत कार्डाचे तपशील आणि ओटीपी एवढ्यावर नवा पासवर्ड लावता येतो. कार्डाचे तपशील तिने त्या अ‍ॅपमधल्या 'बिल भरा' फॉर्ममध्ये भरले होते, आणि ओटीपी ते अ‍ॅप मेसेजमधून स्वतःच उचलत होतं.

शाखेत परत गेलो तेव्हा मात्र तत्परता होती. कोरा कागद दिला आणि अर्ज कसा लिहायचा ते सांगायलाही एक जण बसले. मावशीने आपल्या फळ्यावरच्या सुंदर अक्षरात ते उतरवून घेतलं. त्यात एक वाक्य होतं: 'माझ्याकडून अनोळखी व्यक्तीस ओटीपी दिला गेला.' तिने कुणालाही ओटीपी दिलेला नव्हता. तिला फोनसुद्धा आलेला नव्हता. मी तेव्हा बाहेर कार्ड ब्लॉक करण्यासाठी हेल्पलाइनच्या रांगेत संगीत ऐकत उभी होते. त्या एका वाक्यावर बँकेने पुढे सगळं प्रकरण लढवलं.

हे वाक्य इतकं महाग का पडतं ते समजून घ्या. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत नुकसान कुणी सोसायचं याबद्दल. त्यात ढोबळ तीन प्रकार आहेत. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मध्येच तिसऱ्याने घुसून केलं, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य जबाबदारी (मेसेज मिळाला तो दिवस धरत नाहीत). चार ते सात दिवसांत कळवलं तर खात्याच्या प्रकाराप्रमाणे मर्यादित. आणि तिसरा प्रकार ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा, म्हणजे गुप्त तपशील स्वतः दिल्याचा. त्यात कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. म्हणजे 'ओटीपी दिला गेला' असं लिहून दिलंत की दुसऱ्या खणातून उचलून तिसऱ्या खणात टाकले जाता, तेही स्वतःच्या सहीने.

पण त्याच तिसऱ्या प्रकारात पुढचं वाक्य आहे आणि ते शाखेत कुणी वाचून दाखवत नाही: कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे मावशीची चूक आहे असं धरून चाललं तरीही, आम्ही सकाळी सांगितल्यानंतर मोडलेल्या ठेवींची जबाबदारी बँकेवर येत होती. प्रश्न उरला, सकाळी सांगितल्याचा पुरावा काय? तोंडी सांगितलं होतं. आमच्याकडे होती फक्त रांगेच्या मशीनची टोकन चिठ्ठी, वेळ छापलेली. त्यावर सेवेचा प्रकार 'पासबुक' होता, कारण मशीनवर 'पैसे चोरीला गेले' असं बटण नसतं. बँकेचं उत्तर आलं की ग्राहक सकाळी पासबुक भरण्यासाठी आल्याचं दिसतं! सीसीटीव्ही चित्रण मागितलं तर ते आता उपलब्ध नाही.

म्हणून तुम्ही उद्या शाखा उघडायची वाट बघू नका. आत्ता, बाबांच्या नोंदणीकृत ईमेलवरून (नसेल तर तुमच्या, त्यांच्या सहीच्या पत्राचा फोटो जोडून) बँकेच्या कस्टमर केअरला, शाखेच्या पत्त्यावर आणि बँकेच्या साइटवर नोडल अधिकाऱ्याचा (तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याचा) ईमेल असतो त्यावर, तिन्हीकडे एकच पत्र पाठवा. प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि वेळ. हे व्यवहार मी केलेले नाहीत, मी कुणालाही ओटीपी सांगितलेला नाही, फोनमध्ये शिरलेल्या अ‍ॅपने मेसेज वाचले असावेत, असं साध्या शब्दांत. अर्थात ते खरं असेल तरच. बाबांना शांतपणे विचारा, फोनवर कुणाशी बोलले होते का. खोटं लिहू नका, कॉलची नोंद निघते. खातं, कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय गोठवा आणि ठेवी मुदतपूर्व मोडू देऊ नका, ही मागणी वेगळ्या ओळीत. आणि शेवटी: अमुक तारखेला अमुक वाजता शाखेत येऊन हे तोंडी सांगितलं होतं, तेव्हा एफआयआर आणण्यास सांगण्यात आलं. मग उद्या छापील प्रत घेऊन जा आणि पोच मागा, शिक्का, सही, तारीख आणि वेळ. वेळ महत्त्वाची. पोच देत नसतील तर तिथेच उभं राहून 'पोच नाकारली' असा आणखी एक ईमेल. उद्धटपणे नाही, पण त्यांच्यासमोर.

त्या परिपत्रकात बँकेला कळवण्यासाठी एफआयआरची अट नाही. उलट चोवीस तास कळवण्याची सोय ठेवणं, तक्रार क्रमांक लगेच देणं आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करणं, हे सगळं बँकेवर आहे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा, असंही त्यात आहे. मी वकील नाही, आणि नियमांत भर पडत असते, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या साइटवर ताजं काय आहे ते एकदा बघून मगच पत्रात हवाला द्या. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. एजंट लागत नाही. आमच्या ठेवींपैकी काही भागावर तिथेच तडजोड झाली. पूर्ण नाही.

पोलिसांबद्दल थोडक्यात. १९३० ची पावती म्हणजे एफआयआर नव्हे, हे आम्हाला उशिरा कळलं. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच असतो, म्हणून 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' हे उत्तर कधीकधी खरंही असतं. साहेब कधी येतात ते विचारून त्या वेळी जा. पावतीवर काही रक्कम 'होल्ड' दिसत असेल तर ती आपोआप परत येईल असं धरू नका. आमच्या वेळी न्यायालयाचा आदेश लागला होता. तपास अधिकाऱ्यांना थेट विचारा, कुठल्या खात्यात किती अडवलेत.

एक फरक ध्यानात ठेवा, कारण खाली कुणीतरी 'डिजिटल अरेस्ट'चं उदाहरण देईलच. तिथे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालतात आणि घाबरलेला माणूस स्वतः बँकेत जाऊन पैसे पाठवतो. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काही नाही, २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही ते सांगितलं होतं. पण पैसे स्वतःच्या हाताने गेले की बँक 'व्यवहार ग्राहकानेच केला' म्हणते, आणि वरचं परिपत्रक फारसं कामी येत नाही. तुमचं प्रकरण तसं नाही. तसं होऊ देऊ नका, म्हणजे कागदावर.

आता ठेवींबद्दल माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. सत्तरीतल्या माणसाच्या ठेवी आणि रोजचं खातं एका लॉगिनखाली असूच नयेत. ठेवी दुसऱ्या बँकेत, जिथे नेट बँकिंग घेतलेलंच नाही आणि कार्डही नाही. अर्धा टक्का व्याज कमी मिळालं तरी चालेल. यूपीआयला तिसरंच लहानसं खातं, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे. काही जण म्हणतील, म्हाताऱ्या माणसाने तीन बँका कशा सांभाळायच्या? ठेवींच्या बँकेत वर्षातून एकदा जायचं असतं, सांभाळायचं काय त्यात. फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला बाहेरची अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची परवानगी वेगळी असते, ती बंद आहे ना ते बघा. तसल्या फाइलच्या नावाशेवटी एपीके असतं. आणि संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर बाबांच्या नावावर किती सिम आहेत तेही एकदा तपासा, आमच्याकडे एक अनोळखी निघालं.

तुम्ही विचारलंय, स्मार्टफोन काढून घेऊन साधाच फोन द्यावा का. काही दिवस, सगळं निवळेपर्यंत, जरूर. कायमचा नको. मावशीचा फोन आम्ही काढून घेतला तेव्हा तिने शेजारणीच्या फोनवरून वीजबिल भरायला सुरुवात केली, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. बाबांनी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलं, ही त्यांची बाजू फार मोठी आहे. मावशी रात्रभर थांबली होती. घरात कुणी 'एवढे शिकलेले असून' वगैरे सुरू केलं असेल तर त्याला आवरा. पुढच्या वेळी काही झालंच, तर ते किती तासांनी सांगतात यावर सगळं अवलंबून आहे.

आणि हो, इथे तक्रार क्रमांक किंवा खात्याचा स्क्रीनशॉट टाकू नका. 'पैसे परत मिळवून देतो, थोडी प्रोसेसिंग फी' असे खासगी मेसेज तुम्हाला एव्हाना आले असतील. मावशीला तर 'सायबर सेलमधून बोलतोय' असा फोनही आला होता, तिची तक्रार नोंदल्यावर आठवड्याच्या आत. पत्राचा मसुदा हवा असेल तर इथेच उत्तरात मागा, मी इथेच टाकते. माझ्या नावाने खासगीत कुणी काही पाठवलं तर ती मी नाही.