मुठीला हसू द्या, आधी ती रेघ बघा

(हत्यारं, अवजारं आणि हातकाम : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : सर, नमस्कार. नोकरी संगणकावरची, पण हौस भट्टीची. घरामागच्या शेडमध्ये गॅसची छोटी भट्टी बांधून पहिली दमास्कस सुरी घडवली. १०८४ आणि १५एन२० या पोलादांच्या नऊ पट्ट्या आलटूनपालटून रचल्या, जोडल्या, तीनदा दुमडल्या; म्हणजे ७२ थर झाले. पातं १७ सेंटिमीटर, पाठ ४ मिलिमीटर जाड. आईला बोटांचा संधिवात आहे, सरळ मूठ तिला घट्ट धरवत नाही. म्हणून मूठ पात्याच्या रेषेत न ठेवता वर उचलली, करवतीसारखी उभी केली आणि खालून बंद केली. शिसवीच्या दोन फळ्या, पितळी रिव्हेट. ज्याला दाखवावी तो हसतो. एका जाणत्या माणसाने सांगितलं, पातं झकास आहे, ती मूठ कापून टाक आणि सरळ बसव. कापू का? फोटो सोबत आहेत. मानेजवळ, म्हणजे पातं मुठीला मिळतं तिथे, केसाएवढी काळी रेघ दिसेल, ती नक्षीतलीच असावी.
— एक वाचक, सांगली

उत्तर : कापू नका. निदान आज तरी नको.

त्याआधी एक किरकोळ हिशोब. दुमडताना पट्टीचा वरचा थर स्वतःवरच येऊन बसतो, तिथे एकाच पोलादाचे दोन थर मिळून एक होतो. म्हणून ९ चे १७, १७ चे ३३ आणि ३३ चे ६५. तुमच्या पात्यात ६५ थर आहेत. कुणी ७२ सांगितले की जुना लोहार गालात हसतो, एवढंच. सुरी त्याने वाईट होत नाही.

आता मूठ. ती चमत्कारिक दिसते हे खरं, पण चमत्कारिक दिसणं हा मुठीचा दोष नव्हे. आपल्या कट्यारीची मूठ पात्याला आडवी असते, कारण तिचा वार ठोशासारखा सरळ जातो. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. आणि विळीला तर मूठच नाही, तरी घराघरांतल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या तिच्यावर भाज्या चिरल्या. मूठ कशी असावी हे हात कुठल्या दिशेने जोर लावणार त्यावर ठरतं.

तुमची कल्पना अगदी नवी नाही, आणि हे मी शाबासकी म्हणून सांगतोय. स्वीडनमध्ये मारिया बेंक्त्सोन आणि स्वेन-एरिक यूलीन या दोन डिझायनरांनी १९७४ साली नेमक्या संधिवाताच्या हातांसाठी पाव कापायची सुरी बनवली. तिची मूठ अशीच उभी, करवतीसारखी. ती सुरी आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यामागचा विचार सोपा होता. सरळ मुठीची सुरी फळीवर चालवताना मनगट करंगळीच्या बाजूला वाकतं आणि सगळा भार बोटांच्या सांध्यांवर येतो. मूठ उभी केली की मनगट सरळ राहतं, हात नुसता मिटायचा, आणि ओढायचं काम कोपर आणि खांदा करतात. दुखऱ्या बोटांना दाबावं लागत नाही. तुमच्या जाणत्यांना आईच्या बोटांबद्दल सांगितलं होतं का? मला वाटतं, नसावं.

पण या मुठीची एक मर्यादा आहे, ती आईला आधीच सांगा. ओढून कापण्याच्या कामात ती उत्तम : पाव, कोबी, दुधी, कलिंगड. टोक फळीवर टेकवून पातं झुलवत कोथिंबीर बारीक करायची असेल तर हात फार उंचावर राहतो, जमणार नाही. कोथिंबिरीला दुसरी सुरी ठेवा.

मुठीत मी दोन बदल करेन. पहिला : खालून बंद केलेला भाग उघडा. सुजलेला सांधा किंवा बोटातली अंगठी त्या कड्यात अडकते, आणि हात ओला असताना सुरी सटकली तर तो चटकन बाहेर निघायला हवा. मागच्या बाजूला बोट टेकायला छोटं शिंग ठेवलंत तरी पुरे. दुसरा बदल मापाचा. फोटोत ती तुमच्या पंजात फार छान बसलेली दिसते, आणि गोची तिथेच आहे. आईच्या हातात शाडूचा गोळा द्या, तिला वाटेल तसा धरू द्या, तो ठसा वाळवा आणि त्यावरून मूठ घासा. संधिवाताच्या हाताला बारीक मुठीपेक्षा जाड बरी, साधारण ३० ते ३५ मिलिमीटर. छेद मात्र लांबट अंडाकृती हवा. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे वळली ते न बघता कळत नाही.

हे झालं ज्याला सगळे हसले त्याविषयी. मला झोप लागू देत नाही ती तुमची रेघ, जिचा उल्लेख तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलाय.

उभ्या मुठीत पात्याला ओढ बसते तशी मानेला पीळही बसतो. सरळ सुरीच्या मानेवर जेवढा येतो त्याहून जास्त. म्हणजे तुमच्या सुरीत सर्वांत निर्दोष असायला हवी ती जागा मान, आणि रेघ नेमकी तिथे. ती नक्षीतली आहे असं गृहीत धरू नका, तपासा. रिव्हेट ड्रिलने काढा, एपॉक्सी गरम हवेने मऊ करून फळ्या उतरवा. रेघ फळीखाली कुठवर गेली आहे ते त्याशिवाय कळणार नाही. मग मानेवरची काळी नक्षी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून उडवा. रॉकेल लावून तासभर ठेवा. रॉकेल न मिळाल्यास डिझेल चालेल. कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची बारीक पूड थापा. फट असेल तर आत शिरलेलं तेल खडूत ओलसर रेघ होऊन उमटतं. आमच्या टूलरूममध्ये महागडी तपासणी परवडत नसे तेव्हा हाच उपाय होता आणि तो फार क्वचित खोटं बोलला.

उमटलेली रेघ थरांबरोबर वळणं घेत जात असेल तर तो भट्टीतला कच्चा जोड. पट्ट्यांवरची खपली नीट घासली गेली नाही, जोड बसावा म्हणून टाकलेला टाकणखार आत अडकला, किंवा पिवळाधमक रंग यायच्या आत घण पडला. रेघ थरांना छेदून आडवी जात असेल तर ती पाणी देतानाची, म्हणजे तापलेलं पातं तेलात बुडवून कडक करतानाची तडक. ती बहुधा मानेच्या आतल्या कोपऱ्यातून निघते. तुमच्या फोटोत तो कोपरा काटकोनात कापलेला दिसतो. पोलाद तेलात शिरतं तेव्हा सगळा ताण असल्या कोपऱ्यात येऊन गोळा होतो. तिथे निदान ३ मिलिमीटरची गोलाई हवी, आणि कानशीचे ओरखडेसुद्धा पाणी देण्याआधी घासून काढायला हवेत.

तडक असेल तर ती सुरी आईच्या हातात द्यायची नाही. वाद नको. तडकेच्या पुढे कापा, फळं सोलायची छोटी सुरी होईल, तिला हवी तर सरळ मूठ बसवा. उभी मूठ नव्या पात्याला.

कच्चा जोड असेल तर अजून आशा आहे. ४ मिलिमीटर पाठ ही स्वयंपाकघरातली सुरी नव्हे, तो कोयता झाला. भोपळ्यात ती पाचरीसारखी शिरेल आणि आईला जी ताकद वाचवायची तीच खर्च होईल. मला विचाराल तर मुठीच्या आकारापेक्षा पात्याच्या जाडीनेच तिचा हात जास्त दुखेल. तेव्हा पातं पातळ करायचंच आहे. पाठ अडीच मिलिमीटरवर आणा, धारेच्या लगेच वर अर्धा मिलिमीटरही नको, मान ३ पर्यंत ठेवा. ग्राइंडरवर दर खेपेला पाण्यात बुडवत जा. निळा रंग चढला की त्या जागेचं पाणी उतरलं समजा. जोड वरवरचा कच्चा असेल तर या घासण्यात तो निघूनही जातो. मग पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. रेघ तरीही उमटली तर तडकेसाठी सांगितला तोच मार्ग.

रेघ गेली तर धार लावायच्या आधी पातं लाकडी पट्ट्यांत घालून वाइसमध्ये पकडा, डोळ्यांना चष्मा लावा आणि शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा भाग, दोन्ही हातांनी जोराने पिळा. आई कधी लावणार नाही इतका जोर तुम्ही लावा. पुढच्या पात्याच्या वेळी पाणी दिल्यावर मान एकटी निळी होईपर्यंत शेकून घ्या, म्हणजे ती चिवट होते. धारेकडचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळलेला असू द्या. धारेला २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास, गार करून पुन्हा दोन तास, एवढं पुरे.

फेरिक क्लोराइड या धातू खाणाऱ्या रसायनात नक्षी परत काढणं हे सगळ्यात शेवटचं काम. १५एन२० मध्ये सुमारे २ टक्के निकेल असतं, ते आम्लाला दाद देत नाही, म्हणून पांढरं राहतं आणि १०८४ काळं पडतं. नक्षी म्हणजे एवढंच. आणि आईला सांगून ठेवा की कैरी, कोकम, लिंबू चिरल्यावर सुरी लगेच धुऊन पुसायची. हे गंजणारं पोलाद आहे.

खडूवरचा फोटो जरूर पाठवा. मानेच्या दोन्ही बाजूंचा हवा.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या 'दमास्कस' सुरीला धार लावली तर कडेची नक्षी नाहीशी झाली. फसलो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एवढ्यावरून सांगता येत नाही. बऱ्याच चांगल्या सुऱ्यांत मधोमध एकाच कडक पोलादाचा गाभा असतो आणि दोन्ही अंगांना थरांचं पांघरूण. तिथे धारेशी नक्षी नसणारच. शिवाय खरी नक्षीही घासली की फिकी पडते. पाठीवरचा नखाएवढा भाग घासून चकचकीत करा आणि पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडचा बोळा दहा मिनिटं ठेवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते सर्किट बोर्डासाठी मिळतं. हातमोजे घाला, नंतर खाण्याच्या सोड्याने धुवा. नक्षी परत आली आणि पाठीवरून पलीकडच्या अंगाला सलग गेली, तर थर खरे. नुसता करडा डाग पडला तर चित्र छापलेलं होतं, पैसे परत मागा.

प्रश्न : दमास्कस पोलाद मूळचं भारतातलं म्हणतात. मग थर जोडून केलेल्याला दमास्कस का म्हणायचं?
— एक वाचक, धुळे

उत्तर : दोन वेगळ्या वस्तू एका नावाखाली नांदतात. जुन्या नामांकित पात्यांचं पोलाद मुशीत वितळवून केलेलं असे, ज्याला इंग्रज वुट्झ म्हणू लागले. त्यात थर नसतात. कार्बाइडचे, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या कडक संयुगाचे, बारीक कण घडवताना पट्ट्यांत गोळा होतात आणि पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. ते दक्षिणेत होई. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमला इराणी व्यापारी येऊन ते खरेदी करत, अशी नोंद व्हॉयसी या इंग्रजाने केली, ती १८३२ साली छापून आली. कण असे ओळीने का बसतात, याचा उलगडा अमेरिकेत व्हेरहोवन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस केला. खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा नगण्य अंश त्याला कारण.

थर जोडायची विद्याही जुनीच, पण अमेरिकेत बिल मोरन यांनी १९७३ साली कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात तशा सुऱ्या मांडल्या आणि त्यानंतर हौशी लोहारांत दमास्कस म्हणजे हेच असं रूढ झालं. मला त्यात गैर वाटत नाही. मात्र थर जोडलेली सुरी 'वुट्झ' म्हणून कुणी विकत असेल तर ती फसवणूक आहे.

प्रश्न : आजोबांच्या माळ्यावर सांबरशिंग सापडलं. सुरीच्या मुठीला वापरू का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. सांबर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं, आणि जंगलात आपोआप गळून पडलेल्या शिंगाचीही खरेदी-विक्री चालत नाही. घरात जुनं आहे तर वनखात्याकडे जाऊन त्याचं काय करायचं ते विचारा, कानस लावू नका. शिंगाचीच मूठ हवी असेल तर म्हशीचं घ्या. काळंभोर, चिवट, पॉलिश सुरेख घेतं. घासायला अंगणात बसा आणि तोंडाला मास्क लावा. जळक्या केसांसारखा वास येतो, घरातले तुम्हाला आत घेणार नाहीत.