असाच जन्माला आलास का, बाबा?

सानू,

परवा गाडीत तू विचारलंस, "बाबा, तू असाच जन्माला आलास, की तुला कुणी असं केलं? की मराठी लोक असेच असतात?" कार्यक्रम संपल्यावर तुझ्या मैत्रिणींचे आईबाप त्यांना मिठ्या मारत होते, 'अमेझिंग' म्हणत होते, आणि मी म्हणालो, "बरं झालं. दुसऱ्या गाण्यात चेलो जरा मागे पडला का गं?" आईनं माझ्याकडे बघितलं, मी रेडिओ लावला. पण प्रश्न लागला, म्हणून लिहितोय. देवनागरी वाचायला तुला वेळ लागतो. अडलं तर आईला विचार, कंटाळा आला तर सोडून दे.

आबांना घरात सगळे धोंडू म्हणत, हे तुला माहीत आहे आणि तू त्याला हसतेस. ते नाव चेष्टेचं नाही. त्यांच्या आधी पणजीची दोन मुलं गेली होती. एक देवीच्या साथीत, दुसरं कशानं ते कुणालाच कळलं नाही. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू असं ठेवायचे. नाव ऐकूनच नशिबानं म्हणावं, हे कसलं, राहू दे. कुणी म्हणालं की बाळ गुटगुटीत आहे, तर पणजी ताडकन म्हणायची, "कुठलं गुटगुटीत, परवापासून काही खात नाही!" आणि तो माणूस गेला की मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर. त्या घरात मुलाचं तोंडावर कौतुक करणं म्हणजे चोराला दिवा दाखवून आत बोलावणं. ही फार जुनी गोष्ट नाही बरं का. माझ्या जन्माच्या सुमारास, 1971 च्या आसपास, भारतात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सव्वाशेच्या वर पहिला वाढदिवस बघत नव्हती.

तर आबा अशा आईच्या हाताखाली वाढले, आणि मी अशा आबांच्या. दहावीचा निकाल लागला तेव्हा आबा पोस्टातून आले, गुणपत्रिका चष्मा लावून बघितली, म्हणाले, "बरं." चप्पल घालून बाहेर गेले. मी खोलीत जाऊन रडलो. अर्ध्या तासानं शेजारच्या काकू पेढा खात आल्या, "अरे, तुझे बाबा सांगत होते, पोरानं नाव काढलं म्हणून!" अख्ख्या आळीत पेढे वाटून झाले होते. म्हणजे कौतुक होतं, फक्त माझ्या पत्त्यावर येत नव्हतं. तेव्हा वाईत आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत असंच चालायचं. मुलाला कळायचं ते काकूंकडून किंवा आत्याकडून, आणि त्यात एक वेगळी गोडीही होती. बाप आपल्या पाठीमागे काय बोलतो ते खरं, असं वाटायचं.

आता हे सगळं मी छान जुळवून सांगतोय. आबांना सांगितलंस तर म्हणतील, काहीतरीच काय! कदाचित त्यांना नुसता संकोच वाटत असेल आणि मी त्या संकोचाला पणजीचं दुःख चिकटवतोय.

जन्माला येतानाच काय घेऊन येतो, यावर मोठं काम आपल्याच मिनियापोलिसमध्ये झालंय. मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड यांनी 1979 पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. सुरुवात ओहायोतल्या दोन भावांपासून झाली. तान्हे असताना ते दोन घरांत दत्तक गेले आणि 39 व्या वर्षी भेटले, तर दोघांचं नाव जिम, दोघांना नखं खायची सवय. वर्तमानपत्रांना असल्या गोष्टी फार आवडतात. योगायोग किती आणि रक्त किती, ते एका जोडीवरून कळत नाही. पण 2015 साली काहींनी जुळ्यांवरचे 2,748 शोधनिबंध एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकांत अनुवंशाचा वाटा सरासरी 49 टक्के निघाला. याहून मला खुपली ती दुसरी गोष्ट. एका घरात वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव एकसारखे होतात, असं या अभ्यासांत फारसं दिसत नाही.

माझी आजी, माझी आई, शाळेतल्या बाई, सगळ्यांचा संस्कारांवर केवढा भरवसा! मातीच्या गोळ्याला आकार देतोय अशा थाटात आम्हाला वाढवलं त्यांनी. आणि त्याच बायका उठता-बसता 'स्वभावाला औषध नाही' असंही म्हणायच्या. दोन्ही एकदम कसं खरं असेल, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आत्याचंच बघ. तेच आबा, तीच आळी, तेच पेढे. आणि ती? रिक्षावाल्याचं वळण घेणंसुद्धा तिला 'काय सुरेख' वाटतं, आणि ती ते त्याला सांगते. मग 'मराठी लोक असेच असतात' हे मला म्हणता येत नाही, म्हणायचं होतं तरी. उलट आपल्या शेजारचे नॉर्वेजियन आजोबा बघ. सगळं अंगण मी एकट्यानं स्वच्छ केलं त्या दिवशी ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "नॉट टू बॅड." मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तुला नाही वाटणार.

ते 49 टक्के वाचून मात्र 'निम्मा बाबा जन्मानंच असा' असा अर्थ काढू नकोस. तो आकडा माणसामाणसांतल्या फरकांचा आहे, एका माणसाच्या वाटण्या नाहीत. उंचीचं घे. उंचीत अनुवंशाचा वाटा खूपच मोठा, तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत जवळजवळ 20 सेंटिमीटरनं वाढली. रक्त तेच, खाणंपिणं आणि आजारपणं बदलली. म्हणून रक्तातलं आहे म्हणजे हलणार नाही, असं मी म्हणणार नाही. आबांच्या वयाचा होईपर्यंत माझं किती हलेल, ते तुला माझ्याआधी कळेल.

आणि हो, मी माझ्या बाजूनं पुरावाही शोधला. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचा 1998 चा प्रयोग आहे. कोडी सोडवलेल्या मुलांपैकी काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत केलीस'. पुढची कोडी अवघड आली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, आणि गुण विचारल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. वाचून मी खूश झालो, म्हटलं बघा, आबा बरोबर होते. मग नीट वाचलं. पहिल्या फेरीनंतर 'खूप छान केलंस' हे त्यांनी सगळ्याच मुलांना सांगितलं होतं. 'बरं' म्हणून चप्पल घालणारा बाप त्या प्रयोगात नव्हताच.

तरी एक सांगतो, आणि हे मी मनापासून म्हणतोय. इथे दात घासल्याबद्दलही 'ऑसम' मिळतं, ते मला जमणार नाही. तुझ्या बाबतीत ते मला खोटं वाटतं, कारण तू किती तास सराव करतेस ते मी जिन्यात बसून ऐकतो. दर रविवारी फोनवर आत्याला तेच सांगत असतो. तिनं तुला ते कळवावं अशी माझी, खरं सांगायचं तर, अपेक्षाच असते. तिचा मेसेज आला की तू मोठ्यानं वाचून दाखवतेस आणि मी जेवताना मान खाली घालतो. तुला हे विचित्र वाटत असेल. मलाही वाटतं, पण आवडतंही.

तुला हे पुढे चालवायला मी सांगत नाहीये. तुझ्या मुलांना काय हवं ते म्हण.

आत्या डिसेंबरात येतेय. मागे ती म्हणाली होती की चार-पाच वर्षांचा होईपर्यंत मी दिसेल त्याच्या गळ्यात पडायचो, पाहुण्यांना 'तुम्ही किती छान आहात' असं सांगत सुटायचो, आणि एकदा पणजीनं त्यावरून चांगलंच दटावलं. मला यातलं काहीच आठवत नाही, आणि आत्याला तिखटमीठ लावून बोलायची सवय आहे. तूच तिला विचार. मी समोर नसताना विचार, नाहीतर ती माझ्याकडे बघून हसत बसेल.

बाबा