'यूज ऑफ फोर्स'ला मराठीत काय म्हणायचं?

सोलापुरातल्याच एका कायद्याच्या विद्यार्थिनीने विचारलंय की अमेरिकेतली पोलीस खाती जे 'यूज ऑफ फोर्स रिपोर्ट' भरतात, म्हणजे पोलिसाने कुणावर बळ वापरलं की भरायचा कागद, त्यावर तिला मराठीत लिहायचंय, तर बलप्रयोग म्हणायचं, बळाचा वापर म्हणायचं की बळजबरी, आणि पेपरातला 'सौम्य लाठीमार' इथं चालेल का.

ताई, बळजबरी आधी बाजूला ठेवा. बळजबरी म्हटलं की ती चुकीचीच असं आपण ठरवून टाकलेलं असतं, आणि हा रिपोर्ट तर बरोबर-चूक ठरायच्या आधी भरायचा असतो. अंगावर धावून आलेल्याला खाली पाडून बेड्या घातल्या आणि ते अगदी योग्य होतं, तरी नोंद करायचीच.

बलप्रयोगाची अडचण वेगळीच आहे. तुम्ही भादंवि (भारतीय दंड विधान) शिकला असाल तर कलम ३५३ आठवा, 'हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग', आता ते नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १३२ ला गेलंय. तिथं बलप्रयोग करणारा नागरिक असतो आणि सोसणारा लोकसेवक. म्हणजे कायदा वाचलेल्या मराठी माणसाला हा शब्द बरोबर उलट्या दिशेने ऐकू येतो.

राहिला बळाचा वापर. हा बरोबर आहे, फक्त 'पोलीस बळाचा वापर' असं नका लिहू, कारण मनुष्यबळ, 'बळ कमी पडलं म्हणून जादा कुमक मागवली' हे आपण रोज बोलतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं किती पोलीस लावले ते सांगतायत, गड्ड्याच्या जत्रेतल्या बंदोबस्तासारखं. मी तर सरळ 'बळवापर' लिहीन. पाणीवापर, वीजवापर, जमीनवापर चालतं तर बळवापर का नाही? 'बळवापर नोंद', 'बळवापराचा फॉर्म', जोडायलाही सोपा पडतो.

आता सौम्य. मला खरं बोलायचंय ते याच्यावर. सोम म्हणजे चंद्र, त्याच्यासारखं शीतल ते सौम्य, आणि हा शब्द आपण काठीला लावतो! ज्याच्या पोटरीवर ती बसली त्याला कुणी विचारलेलं नसतं. एकाच प्रसंगाला पोलीस लाठीमार म्हणतात आणि मोर्चावाले लाठीहल्ला, दोघांचं म्हणणं शब्दातच उरकतं, पण किती जणांना, कुठं, कुणी मारलं हे दोन्हीत नाही. अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने १ जानेवारी २०१९ पासून देशभरातून पोलिसांच्या बळवापराची माहिती गोळा करायला सुरुवात केली, ती तीन गोष्टींची: माणूस मेला, गंभीर जखमी झाला, किंवा त्याच्या दिशेने गोळी झाडली गेली, मग ती लागो न लागो. महिनाभरात काहीच घडलं नाही तर शून्य असं कळवायचं. खात्यांवर सक्ती नाही, ही मोठी उणीव आहेच, पण बघा, यात विशेषणाला जागाच नाही.

आपल्याकडे मृत्यू झाला की नियम स्पष्ट आहेत. कोठडीतला मृत्यू २४ तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचा, आणि चकमकीतल्या मृत्यूंबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१४ साली पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सूचना घालून दिल्या, पोलीस गोळीबारातल्या मृत्यूंची माहिती दर सहा महिन्यांनी आयोगाकडे पाठवायची हीसुद्धा त्यातलीच. पण नुसतं हाड मोडलं, डोकं फुटलं, तर बहुतेक वेळा ते स्टेशन डायरीतल्या एका ओळीत जातं, 'जमाव पांगविण्यासाठी सौम्य बळाचा वापर करण्यात आला'. करण्यात आला! कर्ता गायब. आपल्या सोलापुरात तर मे १९३० मध्ये गोळीबार झाला, मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला, चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, त्यांचे पुतळे आपण रोज बघतो, तरी बोलताना 'गोळीबार झाला' असंच म्हणतो, पाऊस झाला म्हणावं तसं. मीही आत्ता तेच लिहिलं.

म्हणून ताई, लिहिताना कर्ता ठेवा: 'हवालदाराने दोन काठ्या मारल्या, डाव्या पोटरीला लागल्या.' आणि रिपोर्टला सरसकट अहवाल म्हणू नका. एकेका प्रसंगाचा कागद ती नोंद, वर्षाच्या सगळ्या नोंदी मोजून खातं छापतं तो अहवाल.