वाचकांचे प्रश्न: ईजीआर, रुंद टायर आणि चुंबक

प्रश्न: माझी बीएस-४ डिझेल गाडी १,१०,००० किलोमीटर चालली आहे. पिकअप गेलाय, चढाला काळा धूर येतो. मेकॅनिक म्हणतो, ईजीआरला पत्र्याची चकती लावून बंद करू, मायलेजही वाढेल. करावं का? (वाचक, सातारा)

उत्तर: नका करू. ईजीआर ही झडप सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडते. त्यामुळे आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. हाच वायू फुप्फुसांना त्रास देतो आणि उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो. चकती लावली की तो थेट वाढतो, पण कागदावर कुठेच दिसत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, त्यामुळे प्रमाणपत्र बिनदिक्कत मिळतं. आपल्या मागे दुचाकीवर असलेल्याच्या नाकात काय जातं, हे त्या प्रमाणपत्रावर नसतं.

मग चकती लावलेल्यांना फरक का जाणवतो? शहरातल्या छोट्या फेऱ्यांत काजळी आणि ऑइलची वाफ मिळून झडपेवर डांबरासारखा थर बसतो आणि झडप अर्धवट उघडी अडकते. चढावर जोर हवा असतानाही जळका वायू आत येत राहतो, ताजी हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं. चकतीने हे थांबतं. साफ केलेली झडपही जोर लागताना मिटते, म्हणजे तोच फायदा प्रदूषण न वाढवता मिळतो.

आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे) रबरी पाइप बघा. क्लॅम्पपाशी ओशट डाग आणि रेस केल्यावर फुसफुस असेल, तर पाइप फाटलाय. दोष ईजीआरचा नाही. ते ठीक असेल तर इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून झडप उतरवा. ईजीआर क्लीनर मारून १५-२० मिनिटं थांबा, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. झडपेच्या मोटरच्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका: बैठकीला, म्हणजे झडप जिथे टेकते त्या जागेला, चरा गेला की झडप पूर्ण मिटत नाही. गॅस्केट नवीनच घाला, जुनं हमखास गळतं. शेवटी स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसून घ्या. बऱ्याच गाड्यांत झडपेचं लर्निंगही, म्हणजे तिची उघडझाप गाडीच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं, करावं लागतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चकती लावण्यासारखे बदल करता येत नाहीत. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रश्न: १६५/८० आर १४ काढून २०५/६५ आर १५ टायर लावले. पेट्रोलचं मायलेज १८ होतं, आता १६ पडतं. एवढा फरक? (वाचक, नाशिक)

उत्तर: त्यातला थोडा फरक खोटा आहे. जुन्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, नव्याचा ६४७. चाक साडेचार टक्के मोठं झालं, म्हणून मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०४.५ चाललेली असते. तुमचं खरं मायलेज १६.७ च्या आसपास आहे. स्पीडोमीटरही तेवढाच कमी दाखवतोय, हे हायवेला लक्षात ठेवा.

उरलेली घट मात्र खरी आहे: चाक जड झालं आणि रुंद टायर हवाही जास्त अडवतो. १०,००० किलोमीटरला साधारण ४३ लिटर पेट्रोल जादा जळेल. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर जवळपास १०० किलो! स्टेअरिंग पूर्ण वळवून चाक आतल्या प्लास्टिकला घासत नाही ना, तेही बघा.

१५ इंची रिमच हवी असेल तर १८५/६५ आर १५ बघा. त्याचा व्यास जुन्यापेक्षा जेमतेम २ मिलिमीटर जास्त आहे. मात्र कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी तो साइज दिलाय का, हे मॅन्युअलमध्ये तपासूनच घ्या.

प्रश्न: पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवून मायलेज वाढतं का? (वाचक, लातूर)

उत्तर: नाही. त्याने पेट्रोलच्या जळण्यात काही बदल होत नाही. त्याच पैशांत हवेचा दाब मोजायचं गेज घ्या आणि दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना दाब बघा. किती हवा, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.