५ रुपयांच्या नाण्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. टाकसाळीतली चूक की कुणी कापलंय?

कापल्या जागेच्या बरोबर समोरची कड भिंगातून बघा. छाप उमटवण्याआधीची कोरी चकतीच मुळात अपुरी कापली गेली असेल, तर तिची कड दाबून उंच उठवताना समोर पुरेसा दाब बसत नाही आणि तिथली उंच कड पुसट, चपटी राहते. नेहमीच दिसेल असं नाही, पण दिसली तर टाकसाळीतल्या चुकीचा भक्कम पुरावा. समोरची कड ठणठणीत आणि कापल्या जागी कानशीच्या रेघा असतील, तर नंतरचा उद्योग समजा.

जुनं तांबे-निकेलचं ५ रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं. वजन कमी भरलं म्हणून हुरळू नका, कापलं तरी ते घटतंच! झिजलेले आकडे, काळपट डाग, ठोकल्याचे खड्डे यांना संग्राहक विचारत नाहीत, ऑनलाइन जाहिराती काहीही म्हणोत.