घोड्यांच्या रेसवाले एसएचपी, टनाला, क्विनेला असं काय काय बोलतात? नवख्याने ही भाषा कुठून शिकावी?

टिप देणाऱ्यांकडून शिकू नका, आणि रेसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. मी पुण्याच्या रेसकोर्सवर बरीच वर्षं टोटच्या, म्हणजे रेसकोर्सच्या स्वतःच्या पैजेच्या तिकिटांच्या खिडकीत बसलो. एरवी कचेरीत कारकुनी, आणि जुलैत पुण्याचा सीझन लागला की रेसच्या दिवशी रोजंदारीवर तिकिटं विकायची. खिडकीच्या आत बसलेल्याला ही भाषा जितकी स्वच्छ ऐकू येते तितकी स्टँडमध्ये दुर्बीण लावून बसलेल्यालाही येत नाही, असं माझं मत आहे.

विन म्हणजे घोडा पहिला यायला हवा, प्लेस म्हणजे पहिल्या काहींत आला तरी चालतो, हे तुम्हाला माहीत असणारच. पूल म्हणजे एका प्रकारच्या पैजेवर सगळ्यांनी लावलेले पैसे. एसएचपी म्हणजे सेकंड हॉर्स पूल. तुमचा घोडा दुसराच यायला हवा, पहिला आला तर पैसे बुडाले. आपला घोडा पुढे काढतोय म्हणून कपाळावर हात मारणारी माणसं मी फक्त या पूलमध्ये पाहिली. क्विनेला म्हणजे पहिले दोन घोडे, क्रम कसाही चालेल. फोरकास्ट म्हणजे पहिले दोनच, पण सांगितलेल्या क्रमाने. टनाला म्हणजे पहिले तीन, तेही क्रमाने. जॅकपॉट म्हणजे सलग पाच शर्यतींचे विजेते.

आता फोरकास्ट आणि क्विनेला. या दोन शब्दांवरून आमच्या सासुरवाडीत आजही एक माणूस माझ्याशी सरळ बोलत नाही.

माझा मेव्हणा रेसचा शौकीन. शौकीन म्हणजे काय, तर शब्द सगळे पाठ. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, घोड्याचे पुठ्ठे बघून मान डोलावणार, 'पेसी चढलाय, आता भाव उरणार नाही' असं शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणणार. त्यात खोटं काही नव्हतं. नावाजलेला जॉकी पेसी श्रॉफ ज्या घोड्यावर असेल त्यावर पब्लिक तुटून पडायचं आणि भाव, म्हणजे जिंकल्यास रुपयामागे मिळणारे पैसे, खाली यायचा. पण हे न कळणारा माणूस त्या काळी रेसकोर्सवर शोधून सापडला नसता.

त्या दिवशी पाऊस पडून गेला होता, ट्रॅक जड. घोडे गेटमध्ये चढवायला लागले की खिडकीवर झुंबड उडते, कारण शर्यत सुटली की विक्री बंद. मेव्हणा नेमका तेव्हाच माझ्या खिडकीशी. दुसऱ्या खिडकीवर रांग कमी होती, पण आपला माणूस आत बसलाय म्हटल्यावर मधे घुसण्याचा हक्कच वाटतो काहींना. आला आणि म्हणाला, "दाजी, फोरकास, तीन-सात, पाच तिकिटं." मी तेच परत म्हटलं, "फोरकास, तीन-सात, पाच." हे मी प्रत्येकाला म्हणायचो, सवयच होती. तो "हो हो, लवकर" म्हणाला. मशीनने तिकीट छापलं, मी पुढे सरकवलं, त्याने ते न बघता खिशात कोंबलं आणि पळाला.

शर्यत मी पाहिली नाही. खिडकीवाल्याला शर्यत दिसत नाही, फक्त ओरडा ऐकू येतो. तीन आणि सात शेवटच्या दोनशे मीटरमध्ये एकमेकांना खेटून आले आणि फोटो पडला, म्हणजे निकाल फोटोवरून ठरवायची वेळ आली. फोटोचा निकाल लागेपर्यंत स्टँडमधले सगळे नास्तिकही हात जोडून उभे असतात. निकाल लागला: सात पहिला, तीन दुसरा, अंतर शॉर्ट हेड, म्हणजे घोड्याच्या डोक्याहूनही कमी.

मेव्हणा हसत खिडकीवर आला. तिकीट सरकवलं आणि म्हणाला, "द्या दाजी." मी म्हटलं, "हे तीन-सात आहे, आलंय सात-तीन." तो म्हणाला, "मग? दोन्ही आलेत की." मी म्हटलं, "ते क्विनेलात चालतं. तू फोरकास घेतलंस." तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: मी क्विनेलाच मागितलं होतं, दाजींनी चुकीचं तिकीट दिलं. बारशी, मुंजी, साखरपुडे, कुठेही विषय निघतो. सासूबाई रेसकोर्सच्या दिशेलाही कधी गेल्या नसतील, पण क्विनेला म्हणजे काय ते त्यांना पाठ आहे.

आणि नुकसान मोजताना तो कोणता आकडा सांगतो माहीत आहे? सात-तीनच्या फोरकास्टचा डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटाला मिळालेली रक्कम! क्विनेलाचा त्यापेक्षा बराच कमी होता. साहजिक आहे, क्विनेलात दोन्ही क्रमांची तिकिटं पैसे घेऊन जातात. म्हणजे भांडायला क्विनेलाचं तिकीट आणि रडायला फोरकास्टचे पैसे. हा मुद्दा मी एकदा जेवणाच्या पंगतीत मांडला तर बायकोने मलाच गप्प केलं.

यावरून नवख्याने घ्यायचं ते इतकंच: खिडकीवर आधी शर्यतीचा नंबर सांगा, मग पूल, मग घोड्याचा नंबर, मग रक्कम. घोड्याचं नाव सांगू नका, आत कोणाला त्यात रस नसतो. तिकीट हातात आलं की तिथेच वाचा, मागचे कितीही ओरडू देत.

बाकी जी रंगीत भाषा तुम्हाला ऐकू येईल ती बहुतेक हरल्यावरची आहे. 'घोडा खेचला' म्हणजे जॉकीने मुद्दाम मागे ठेवला. 'बॉक्स झाला' म्हणजे इतर घोड्यांच्या घोळक्यात अडकला, वाट मिळाली नाही. 'आज ट्रायच नव्हता' म्हणजे मालकाला आज जिंकायचंच नव्हतं. यातलं कधीतरी खरंही असतं, शर्यतीवर देखरेख करणारे स्टुअर्डस् चौकशा करतात, जॉकींवर बंदीही घालतात. पण मी ऐकलेल्या दहातली नऊ खेचाखेची बोलणाऱ्याच्या खिशात झालेली होती.

खरी भाषा छापील असते आणि ती रुक्ष असते. पहाटेच्या ट्रॅकवर्कच्या नोंदी वाचायला शिका. '600/38' म्हणजे 600 मीटर 38 सेकंदांत. त्यापुढे दोन-तीन शब्द असतात, मोकळा पळाला की रेटावा लागला, ते आकड्याइतकेच महत्त्वाचे. त्याच 38 सेकंदांत एक घोडा सहज येतो आणि दुसरा चाबूक खाऊन येतो. मग रेटिंग, म्हणजे घोड्याच्या कुवतीला दिलेला आकडा, आणि त्याने पाठीवर वाहायचं वजन. हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात तिथे, रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. मागच्या वेळी जिंकलेला घोडा आज रेटिंग वाढून जास्त वजन घेऊन पळतोय, हे न पाहता 'लास्ट टाइम जिंकला ना' म्हणून पैसे लावणारे पुष्कळ. आणि बुकीचा भाव आणि टोट यांत गल्लत करू नका. रिंगमधल्या, म्हणजे रेसकोर्सवरच्या बुकीने 5/2 (दोन लावले तर पाच नफा) दिला की तुमच्यापुरता तो ठरला. टोटमध्ये भाव शेवटपर्यंत हलतो, कारण तिथे सगळ्यांचे पैसे गोळा करून कापून उरलेले वाटायचे असतात.

मेव्हणा आता नवीन सांगतो की सुप्रीम कोर्टाने 1996 साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवलाय, त्यामुळे तो जुगारी नाही. निकाल खरा आहे, तामिळनाडूच्या खटल्यातला. पण हातातलं तिकीट वाचणं हेही त्या कौशल्यातच येत असावं.

हो, एक राहिलंच, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. मी सांगतोय तो जमाना वेगळा होता. आज लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे. तो 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. त्यात टोटची कापाकापी वेगळी, आणि जिंकलेली रक्कम 10,000 च्या वर गेली की 30 टक्के टीडीएस. या हिशेबात दीर्घकाळ कमावणारा माणूस मला कोणी दाखवावा. हौस म्हणून जा, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीत डर्बीची मोठी शर्यत बघा, खिशात ठरलेले पैसे ठेवा आणि ते गेलेच असं समजून घरी या.

हा कर चुकतो म्हणून लोक बाहेरच्या फोनवरच्या बुकीकडे जातात. ते बेकायदा आहे, आणि पैसे बुडाले तर तक्रार करायला जागा नाही. मेव्हणाही हल्ली तिकडेच वळलाय असं कानावर आलंय. तिथे तिकीटच नसतं, तेव्हा ते चुकीचं कोणी दिलं हे आता तो कोणावर ढकलतो ते बघायचंय.